‘पुढच्या वेळी होईल’ म्हणण्याआधी

मागच्या वर्षी आमच्या केंद्रावर एक मैत्रीण आली. लग्नाला नऊ वर्षं झालेली, आयव्हीएफचे दोन प्रयत्न फसलेले. मी चटकन म्हणून गेले, “धीर सोडू नकोस, पुढच्या वेळी होईल.” तिनं शांतपणे विचारलं, “ताई, तुम्हीसुद्धा?” सासू, डॉक्टर, शेजारीण, सगळे तिला हेच सांगत होते. ती मात्र ‘आता थांबू का?’ हे विचारायला आली होती. आधी ऐकून घ्यावं हा एम.एस.डब्ल्यू.चा पहिला धडा मीच विसरले.

मैत्रिणींनो, हे उपचार बाईच्या शरीरावर होतात. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, सारख्या सोनोग्राफ्या, भूल देऊन स्त्रीबीजं काढणं. गर्भ आत सोडला की रक्ततपासणीपर्यंत जवळजवळ दोन आठवडे जीव टांगणीला. कित्येकदा कारण पुरुषाकडे असतं, तेव्हाही सुया तिलाच. या मैत्रिणीच्या घरीही अडचण नवऱ्याच्या तपासणीत निघाली होती. त्याची लाज राखायला तिनं बोल स्वतःवर घेतला. मग जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला तिला कुणी पुढे बोलावलं नाही.

२०२१ च्या कायद्यानं अशा क्लिनिकवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. यशाची शक्यता, खर्च, धोके सांगायलाच हवेत. पण ही झाली माहिती. ‘निगेटिव्ह’ असा फोन येतो त्या दिवशी तिच्याजवळ कोण बसतं? पैसे भरण्याआधी, निकालानंतर आणि नवऱ्यालाही सोबत बसवून बोलणारं माणूस हवं. तिनं पुढची फेरी घ्यावी की नाही, यात त्या माणसाचा काही फायदा-तोटा नसावा. ‘थांबणं’ हाही एक मार्ग आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

आणि आपण? ‘बाई म्हणजे आईच का?’ हा आपला प्रश्न योग्यच आहे. पण तो मूल हवं असणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकला, तर तिला आपल्याकडेही जागा उरत नाही. बाळासाठी झुरणारी आणि बाळ नको म्हणणारी, दोघींना एकाच सतरंजीवर बसता आलं पाहिजे.

ती मैत्रीण सध्या थांबली आहे. कायमची की काही दिवस, तिनं ठरवलेलं नाही. दर शनिवारी येते, बोलते, कधी नुसती बसते. मी विचारत नाही.