मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल निवडणूक, २०२३

इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक काउंटीमध्ये असलेल्या मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या सर्व ३४ जागांसाठी ४ मे २०२३ रोजी ही निवडणूक झाली. ग्रीन पक्षाने २४ जागा जिंकून स्पष्ट बहुमत मिळवले. ब्रिटनमधील कोणत्याही स्थानिक कौन्सिलवर या पक्षाला बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. हुजूर पक्षाला ६ आणि लिबरल डेमोक्रॅट्स पक्षाला ४ जागा मिळाल्या. मजूर पक्षाचा एकही सदस्य निवडून आला नाही. निवडणुकीनंतर ग्रीन पक्षाचे अँडी मेलन कौन्सिलचे नेते झाले.

संस्था आणि तिचे अधिकार

‘डिस्ट्रिक्ट कौन्सिल’चा शब्दशः अनुवाद ‘जिल्हा परिषद’ असा होत असला, तरी महाराष्ट्रातील वाचकाची त्यामुळे दिशाभूल होण्याची शक्यता आहे. सफोकमध्ये स्थानिक कारभाराचे दोन मुख्य स्तर आहेत. शाळा, रस्ते, वृद्ध व बालकांची सामाजिक सेवा ही मोठ्या खर्चाची खाती वरच्या स्तरावरील काउंटी कौन्सिलकडे असतात. डिस्ट्रिक्ट कौन्सिल त्याखालची संस्था आहे. बांधकाम परवानग्या, सामाजिक घरे, कचरा संकलन, सार्वजनिक आरोग्याची तपासणी आणि क्रीडा-करमणुकीची केंद्रे हे तिचे विषय आहेत. त्याखाली गावपातळीवरील पॅरिश कौन्सिले आहेत. स्तराच्या दृष्टीने पाहिल्यास डिस्ट्रिक्ट कौन्सिल आपल्याकडील पंचायत समितीला अधिक जवळचे आहे. मात्र बांधकाम परवानगीसारखा वजनदार अधिकार तिच्या हाती असल्याने ही तुलनाही फार ताणता येत नाही. घरपट्टीसारखा ‘कौन्सिल टॅक्स’ डिस्ट्रिक्ट कौन्सिल गोळा करते, परंतु त्यातील सर्वांत मोठा वाटा काउंटीकडे जातो. नागरिकाच्या हाती पडणाऱ्या बिलावर डिस्ट्रिक्टचे नाव ठळक असते आणि पैसा बहुतांशी दुसऱ्याच संस्थेचा असतो. स्थानिक निवडणुकीत कोणाच्या कामावर मत दिले जाते, हे ठरवणे त्यामुळे अवघड होते.

मिड सफोक १ एप्रिल १९७४ रोजी, १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यान्वये अस्तित्वात आले. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या एक लाखाहून किंचित अधिक आहे. स्टोमार्केट हे सर्वांत मोठे शहर. नीडहॅम मार्केट आणि आय ही लहान गावे. उरलेला प्रदेश शेतीचा आणि विखुरलेल्या खेड्यांचा आहे. दक्षिणेकडील बाबर्ग डिस्ट्रिक्टशी मिड सफोकने प्रशासकीय भागीदारी केली आहे. २०११ मध्ये दोन्ही डिस्ट्रिक्ट एकत्र करण्याबाबत मतदान घेतले असता मिड सफोकने होकार दिला, बाबर्गने नकार दिला. त्यामुळे कर्मचारीवर्ग एक आणि सभागृहे दोन अशी व्यवस्था कायम राहिली. २०१७ पासून दोन्ही संस्थांचे मुख्यालय इप्सविच शहरात, म्हणजे दोन्ही डिस्ट्रिक्टच्या हद्दीबाहेर आहे.

पार्श्वभूमी

हा प्रदेश दीर्घकाळ हुजूर पक्षाचा मानला जात असे. २०१५ मध्ये, सभागृहात ४० जागा असताना, त्या पक्षाकडे २९ आणि ग्रीन पक्षाकडे ५ जागा होत्या. २०१६ च्या सार्वमतात मिड सफोकमधील सुमारे ५५ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला होता. विद्यापीठांच्या शहरांत राहणारा, तरुण आणि युरोपवादी मतदार हाच ग्रीन पक्षाचा आधार, असे जे चित्र रंगवले जाते, त्यात मिड सफोक कोठेच बसत नाही. या निकालाचे खरे महत्त्व येथेच आहे.

प्रभागांच्या पुनर्रचनेनंतर २०१९ पासून सभागृहात ३४ जागा आहेत. काही प्रभागांतून एक, तर काहींतून दोन सदस्य निवडले जातात. त्या वर्षी हुजूर पक्षाला १६, ग्रीन पक्षाला १२, लिबरल डेमोक्रॅट्सना ५ आणि अपक्षांना १ जागा मिळाली. बहुमतासाठी १८ जागा लागत असल्याने सभागृह त्रिशंकू राहिले. म्हणजेच २०२३ चा निकाल अचानक आलेली लाट नव्हता. पाच, बारा, चोवीस असा तो आठ वर्षांचा चढता क्रम आहे, आणि ज्यांनी २०१९ चे आकडे नीट वाचले असतील त्यांना फारसे आश्चर्य वाटले नसावे.

निकाल आणि त्यामागील कारणे

२०१९ च्या तुलनेत ग्रीन पक्षाच्या जागा दुप्पट झाल्या. हुजूर पक्षाने १०, लिबरल डेमोक्रॅट्सनी १ जागा गमावली आणि अपक्षांची एकमेव जागाही गेली.

देशपातळीवरील वातावरण सत्ताधारी हुजूर पक्षाला प्रतिकूल होते. बोरिस जॉन्सन यांच्या कारकिर्दीतील टाळेबंदीकाळच्या मेजवान्यांचे प्रकरण, सप्टेंबर २०२२ मधील लिझ ट्रस सरकारचा फसलेला अर्थसंकल्पीय प्रयोग आणि वाढती महागाई यांचे ओझे घेऊन पंतप्रधान ऋषी सुनक यांचा पक्ष या निवडणुकांना सामोरा गेला. त्या दिवशी इंग्लंडभर झालेल्या स्थानिक निवडणुकांत त्याने एक हजाराहून अधिक जागा गमावल्या. ग्रीन पक्षाच्या जागांत सुमारे २४० ची भर पडली. तथापि देशव्यापी नाराजी एवढेच कारण दिल्यास एक प्रश्न उरतो: ही नाराजी मजूर पक्षाकडे का वळली नाही? राष्ट्रीय पातळीवर सर्वाधिक लाभ त्याच पक्षाला झाला होता, आणि येथे त्याला भोपळाही फोडता आला नाही.

याचे उत्तर निवडणूक पद्धतीत आणि पक्षबांधणीत शोधावे लागते. इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. दोन जागांच्या प्रभागात मतदाराला दोन मते असतात आणि पहिले दोन उमेदवार निवडून येतात. अशा पद्धतीत सर्वत्र विखुरलेल्या मतांना किंमत नसते. सत्ताधारी पक्षाला पाडू शकणारा पर्याय आपणच आहोत, हे एकदा मतदाराला पटवून दिले की विरोधी मते त्या एका पक्षाकडे गोळा होऊ लागतात. ग्रीन पक्षाने अनेक वर्षे हेच धोरण राबवले आहे. जिंकता येण्याजोगे मोजके प्रभाग निवडायचे, तेथे वर्षभर घरोघरी फिरायचे, पत्रके वाटायची, एक जागा मिळाली की शेजारचा प्रभाग हाती घ्यायचा. लहान प्रभाग आणि एकमेकांना ओळखणारे मतदार असलेल्या ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये ही पद्धत विशेष फळली. उलट बाजूही नोंदवली पाहिजे: २४ जागा म्हणजे सभागृहाचा सुमारे ७१ टक्के हिस्सा. ज्या पद्धतीत बदल करून प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणावे अशी ग्रीन पक्षाची जुनी मागणी आहे, त्याच पद्धतीने त्याला ही भरभक्कम संख्या दिली.

घरबांधणीचा प्रश्नही दीर्घकाळ धुमसत होता. पुढील पाच वर्षांच्या घरांसाठी पुरेशी जमीन उपलब्ध असल्याचे इंग्लंडमधील कौन्सिलांना दाखवावे लागते. ते दाखवता आले नाही, तर नाकारलेल्या प्रकल्पाला अपिलात परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. २०१८ मध्ये वूलपिट या गावातील एका अपिलाच्या निर्णयात मिड सफोककडे असा साठा पुरेसा नसल्याचा निष्कर्ष निघाला. अशा वेळी गावकऱ्यांना वाटते की कौन्सिल घरे लादते, आणि कौन्सिलला वाटते की आपले हात बांधलेले आहेत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असते. पण जबाबदारी मात्र सत्तेवरील पक्षाच्या माथी येते.

या मतदानात प्रथमच इंग्लंडमध्ये छायाचित्र असलेले ओळखपत्र अनिवार्य होते. निवडणूक आयोगाच्या अंदाजानुसार त्यामुळे इंग्लंडभरात सुमारे १४,००० जण मतदान केंद्रावर जाऊनही मत देऊ शकले नाहीत. स्थानिक निवडणुकांत राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मताधिकार असतो; तेथे वैधरीत्या राहणारे भारतीय नागरिक ब्रिटिश पारपत्र नसतानाही यादीत नाव नोंदवून मत देऊ शकतात.

शेजारचे निकाल आणि ब्रायटनचा विरोधाभास

बाबर्गमध्ये ग्रीन पक्ष १० जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमत कोणालाच मिळाले नाही. ईस्ट सफोकमध्ये हुजूर पक्षाने सत्ता गमावली आणि ग्रीन पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडी आली. त्याच दिवशी, पक्षाचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या ब्रायटन अँड होव्ह शहरात मात्र सत्तेवरील ग्रीन पक्ष ७ जागांवर घसरला आणि ५४ पैकी ३८ जागा जिंकून मजूर पक्ष बहुमतात आला. ब्रायटनमध्ये ग्रीन पक्षाने दोन वेळा कारभार पाहिला, दोन्ही वेळा अल्पमतात, आणि कचरा संकलनासारख्या रोजच्या कामांवरून त्याला टीका सहन करावी लागली. मिड सफोकमध्ये तो विरोधक म्हणून वाढला. ब्रायटनमध्ये सत्ताधारी म्हणून हरला. दोन्ही निकाल एकत्र वाचल्याशिवाय ४ मे २०२३ चा अर्थ नीट लागत नाही.

निवडणुकीनंतर

नव्या सत्तेला जुने संकल्पही पुढे न्यावे लागले. बाबर्गसह तयार केलेल्या संयुक्त स्थानिक आराखड्याचा पहिला भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वीकारण्यात आला. स्टोमार्केटजवळील ‘गेटवे १४’ हे औद्योगिक क्षेत्र कौन्सिलच्याच कंपनीच्या मालकीचे असून ते ‘फ्रीपोर्ट ईस्ट’ या करसवलतीच्या क्षेत्राचा भाग आहे. मोठाली गोदामे आणि मालवाहतूक यांवर उभा असलेला हा प्रकल्प ग्रीन पक्षाला वारशाने मिळाला.

नॉर्विच ते टिलबरी या प्रस्तावित उच्चदाब वीजवाहिनीचा वाद अधिक अवघड आहे. समुद्रातील पवनचक्क्यांची वीज दक्षिणेकडे नेण्यासाठी नॉरफोक, सफोक आणि एसेक्समधून सुमारे १८० किलोमीटरची ही वाहिनी, बहुतांशी मनोऱ्यांवरून, नेण्याची योजना आहे. पवनऊर्जेचा आग्रह धरणाऱ्या पक्षाचे स्थानिक मतदारच या मनोऱ्यांच्या विरोधात आहेत. अशा राष्ट्रीय प्रकल्पांना परवानगी केंद्र सरकार देते. डिस्ट्रिक्ट कौन्सिल केवळ आपले मत मांडू शकते.

४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, मिड सफोकचा उत्तर भाग समाविष्ट असलेल्या नव्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून ग्रीन पक्षाचे तत्कालीन सहनेते एड्रियन रॅमसे सुमारे ५,६०० मतांच्या आघाडीने निवडून आले. निवडून येताच त्यांनी वीजवाहिनीचा प्रस्ताव थांबवून पर्यायांचा विचार करण्याची मागणी केली आणि त्यावरून त्यांच्यावर दुटप्पीपणाचा आरोप झाला. त्याच निवडणुकीत स्टोमार्केटचा भाग असलेला मतदारसंघ मजूर पक्षाने, तर नीडहॅम मार्केटकडील मतदारसंघ हुजूर पक्षाने जिंकला. डिस्ट्रिक्टच्या सभागृहात जवळजवळ एकरंगी दिसणारा हा प्रदेश संसदेत तीन पक्षांत वाटला गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधील द्विस्तरीय पद्धत संपवून एकस्तरीय कौन्सिले स्थापन करण्याचे धोरण जाहीर केले. सफोक काउंटी कौन्सिलची मे २०२५ मधील निवडणूक त्यासाठी पुढे ढकलण्यात आली. संपूर्ण काउंटीसाठी एकच कौन्सिल असावे असा प्रस्ताव काउंटीने दिला, तर मिड सफोकसह पाच डिस्ट्रिक्ट व बरो कौन्सिलांनी तीन कौन्सिलांची मागणी केली. दोन्ही प्रस्तावांत मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल विसर्जित होते.