स्टिअरिंग हाती आलं, बॉनेटचं काय?

मैत्रिणींनो, बाईच्या हाती स्टिअरिंग दिसणं ही आता नवलाई राहिलेली नाही. आपल्यातल्या अनेक गटांनी ड्रायव्हिंगचे वर्ग चालवले, बायकांना लायसन्स मिळवून दिली, गाडीच्या कर्जासाठी बँकांचे उंबरे झिजवले. मीही अशाच एका वर्गात शिकवते. त्या अनुभवावरून एक गोष्ट मांडावीशी वाटते. आपण गाडी चालवायला शिकवतो आणि बॉनेटपाशी येऊन थांबतो. तिथून पुढचं सगळं पुरुषांच्या हवाली. आणि जिचं पोटच गाडीवर आहे, तिची कमाई नेमकी तिथंच गळते.

गॅरेजमधल्या सगळ्यात खर्चिक कामांपैकी एक म्हणजे टायमिंगचं काम. तेच उदाहरण घेऊ.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह पिस्टनच्या चालीबरोबर नेमक्या क्षणी उघडावे-मिटावे लागतात. ही वेळ टायमिंगची चेन किंवा बेल्ट सांभाळतो. बऱ्याच नव्या गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला फेजर असतो. इंजिन ऑइलच्या दाबावर तो कॅमशाफ्टला काही अंश पुढंमागं सरकवतो. त्यामुळे गाडी सावकाश चालताना आणि चढावर जोर लावताना व्हॉल्व्हची वेळ गरजेप्रमाणे बदलते. माहितीपत्रकात ‘व्हीव्हीटी’ अशी अक्षरं असतात, ती या सोयीची.

अवघड वाटलं? शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला विचारा. सुई खालून वर निघते त्याच क्षणी शटलच्या टोकानं दोऱ्याचा फास पकडला नाही, तर टाके सुटतात. ‘मशीनचं टायमिंग गेलं’ असं आपणच म्हणतो आणि कितीतरी जणी ते घरच्या घरी जुळवतातही. तत्त्व तेच. मग एक यंत्र बाईचं आणि दुसरं पुरुषाचं, हे ठरवलं कुणी?

आमच्याकडे शिकलेली एक मैत्रीण स्वतःची टुरिस्ट गाडी चालवते. सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद खडखड आवाज यायचा. गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता सांगितलं, “फेजर गेले. चेन, टेन्शनर, सगळंच बदलावं लागेल.” खर्चाचा आकडा तिच्या महिन्याच्या हप्त्याच्या तिप्पट. तिनं दोन प्रश्न विचारले तर उत्तर आलं, “ताई, तुम्हाला नाही कळायचं. मिस्टरांना पाठवा.” नवऱ्यानं सोडल्यावर हिनं गाडी घेतलेली. मिस्टर आणायचे कुठून?

आम्ही गाडी दुसरीकडे नेली. तिथल्या मेकॅनिकनं आधी ऑइल पाहिलं. ते काळं, घट्ट झालेलं आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंही नव्हतं. फेजरकडे ऑइल सोडणाऱ्या व्हॉल्व्हची बारीक जाळी गाळानं भरली होती. व्हॉल्व्ह साफ केला, योग्य ऑइल आणि नवा फिल्टर घातला, आवाज थांबला. फेजर ऑइलच्या दाबावरच चालतो, तेव्हा तो बदलण्याआधी ऑइल पाहायचं, ही साधी गोष्ट.

पण म्हणून ‘सगळे मेकॅनिक लबाड’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. आमच्याच दुसऱ्या एका ड्रायव्हर मैत्रिणीच्या गाडीची चेन खरोखरच सैल झाली होती. क्रँक आणि कॅम यांची वेळ जुळत नसल्याचं स्कॅनरनं दाखवलं. तिथं खर्च टाळणं महागात पडलं असतं. चेन दातांवरून घसरली, तर कित्येक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनच कामातून जातं. म्हणजे संशय धरून भागत नाही, आणि आंधळा विश्वासही कामाचा नाही. तिसरा मार्ग एकच, आपल्याला कळायला हवं.

कळायचं म्हणजे किती? प्रत्येकीनं पाना हाती घ्यावा असं नाही. पण काय विचारायचं हे माहीत हवं. स्कॅनर लावला का? कोणता कोड आला? तो कागदावर द्या. ऑइल तपासलं का? चेन बदलताय, तर तिचे गाइड आणि टेन्शनरही बदलणार का? फेजरचे बोल्ट पुष्कळ इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, ते नवे घालणार का? क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून, क्रँक हातानं पुरते दोन फेरे फिरवून त्या पुन्हा तपासणार ना? काढलेले भाग मला दाखवा. पावतीवर प्रत्येक भागाचं नाव लिहा. एवढं विचारणाऱ्या बाईला ‘मिस्टरांना पाठवा’ म्हणणं सोपं नाही.

कुणी म्हणेल, पुरुषांना तरी कुठं कळतं? खरं आहे. कितीतरी पुरुषांना फेजर म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि फसवणूक त्यांचीही होते. पण ‘तुला कळणारच नाही’ असं त्यांना तोंडावर कुणी सांगत नाही. शिवाय गॅरेजमधला पोरगा तरी कुठल्या कॉलेजात शिकलेला असतो? गरिबीनं त्याला तिथं उभं केलं, आणि उस्तादाच्या शेजारी पाने देता देता तो शिकला. ते शेजारी उभं राहणंच मुलीच्या वाट्याला येत नाही.

१९७४ साली पुण्याच्या टेल्कोला इंजिनिअर हवे होते, आणि स्त्रियांनी अर्ज करू नये असं जाहिरातीतच छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि नोकरी मिळवली. तीच कंपनी पुढे टाटा मोटर्स झाली. अलीकडे तिनं पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारीच्या जुळणीची अख्खी लाइन स्त्रियांवर सोपवली. म्हणजे बायकांनी जोडलेली गाडी गॅरेजात पोचली, की तिच्याबद्दल बोलायला मात्र पुरुष हवा! याला काय म्हणावं?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. आपल्या प्रत्येक ड्रायव्हिंग वर्गात निदान चार दिवस गॅरेजमध्ये, बॉनेट उघडून शिकवावेत. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींना खुला आहे. शिवण आणि ब्यूटी पार्लरच्या पलीकडे पाहून आपल्या वस्तीतल्या मुलींना तिथं पाठवावं, आणि त्या टिकतात का याकडे लक्षही ठेवावं. आणि शिकलेल्या मुलींना काम कोण देणार, हा प्रश्न येईल तेव्हा आपल्या गटांच्या गाड्या प्रथम त्यांच्याकडे न्याव्यात.

तुमच्या गटात असं काही सुरू असेल तर जरूर लिहून कळवा. त्यातल्या अडचणीही लिहा. त्यांवर मिळून विचार करू.