रक्तात नाही, पोटात आहे

दोस्तहो, 'हे लोक जन्मतःच या कामासाठी बनलेत' असं कुणी कौतुकानं जरी म्हणालं, तरी आपले कान उभे राहिले पाहिजेत. हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकलंय. तेच वाक्य पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआच्या पोरांना ऐकवलं जातंय.

१९०० साली अमेरिकेनं ही बेटं ताब्यात घेतली. पागो पागोचं खोल बंदर तिच्या आरमाराला हवं होतं. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४९,७१०. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण या बेटांवरून, आणि इथून उठून गेलेल्यांच्या पोरांतून, अमेरिकन फुटबॉलला खेळाडूंची रांग लागलीय. हा फुटबॉल नावापुरता पायाचा. खरा खांद्याचा, छातीचा, डोक्याचा. टकरींचा धंदा.

कॉमेंटरीवाले म्हणतात, यांचं हाडच दणकट, लढाई यांच्या रक्तात. साफ खोटं! १९५१ ला आरमाराचा तळ उठला, पगार उठले. मग माणसं हवाई, कॅलिफोर्नियाला गेली. तिथं त्यांची पोरं हा खेळ शिकली. मागं बेटावर उरले टूना मासा डब्यात भरायचे कारखाने, मजुरी मुख्य भूमीपेक्षा कमी. २००९ च्या २९ सप्टेंबरला त्सुनामी आली आणि दुसऱ्याच दिवशी दोनांपैकी एक कारखाना बंद झाला. सुमारे २,००० माणसं रस्त्यावर. आता पोरानं जायचं कुठं? कारखान्यात, सरकारी कचेरीत, पलटणीत, नाहीतर मैदानावर. फुटबॉलची स्कॉलरशिप म्हणजे कॉलेजही आणि बेटाबाहेरचं तिकीटही. म्हणून पोरगं पहाटे उठून धावतं. घरादारासाठी राबायचं हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हे रक्तात नाही, पोटात आहे.

आणि ज्याच्या अंगाचं एवढं कौतुक, त्याचा हक्क कुठाय? १९०१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ताब्यातल्या बेटांबद्दल 'परक्या वंशा'ची भाषा केली. आजही अमेरिकन सामोआत जन्मलेला माणूस जन्मानं अमेरिकेचा नागरिक होत नाही. पलटणीत मरू शकतो, राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाही. २०२२ साली कोर्टानं हा प्रश्न ऐकायलाच नकार दिला. हेही लपवायचं नाही, की बेटाचं सरकारच सरसकट नागरिकत्वाच्या विरोधात उभं राहिलं. कुळाची सामाईक जमीन हातची जाईल ही त्यांची भीती. भीती खोटी नाही. पण जमीन की हक्क, असा पेच गोऱ्या माणसापुढं कधी टाकला जातो का?

टकरींचा हिशेबही बघा. ज्युनियर सेऊ, सामोअन आईबापांचा, सॅन दिएगोत जन्मलेला. वीस सीझन खेळला, देव झाला. २०१२ च्या मे महिन्यात, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यानं छातीत गोळी घालून घेतली. तपासणीत मेंदूला सीटीई निघाला. डोक्यावर वारंवार बसलेल्या माराशी जोडलेला हा रोग. टाळ्या वाजवणारे तोवर घरी गेले होते.

आपल्याला यात नवं काय आहे? महार शिपाई इंग्रजांना चालला तोवर शूर होता. १८९० च्या दशकात साहेबानं 'लढवय्या जाती'ची यादी काढली आणि आपल्याला पलटणीचं दार बंद झालं. हाड तेच, रक्त तेच. बदलली ती साहेबाची गरज.

तेव्हा सामोअन पोरानं खेळू नये असं कोण म्हणतं? खेळावं, दाबून पैसा घ्यावा. पण एकच दार उघडं ठेवून 'बघा, यांना हेच दार आवडतं' म्हणणाऱ्याची गचांडी धरली पाहिजे. त्याला डॉक्टर व्हायचं असेल तर? मास्तर? काहीच न करता आपल्या बेटावर सुखानं जगायचं असेल तर?

उद्या तुम्हालाही कुणी म्हणेल, 'तुमची माणसं अंगमेहनतीला, ढोल बडवायला, मोर्चात पुढं राहायला एक नंबर.' तेव्हा हसून मान डोलवू नका. त्याला विचारा, बाकीची दारं कुणी लावून घेतली?

जय भीम!