आरोग्य-संवाद : सही करण्यापूर्वीं

खांदा कॉलनींतील एका भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, पहिल्या खेपेस सिझेरियन झालेली त्यांची कन्या दुसऱ्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली असून, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रांत ‘प्रसंग पडल्यास गर्भाशय काढावा लागेल’ ही ओळ वाचून घरांतील सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें. सही करावी कीं नाहीं? प्रश्न एकाच घरचा नसल्यामुळें उत्तर येथेंच देतों.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारें ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतें. वार सुटल्यावर गर्भाशयाचे स्नायू आवळले जाऊन रक्तवाहिन्यांचीं तोंडें चिमटींत धरल्याप्रमाणें बंद होतात. हें आवळणें झालें नाहीं, किंवा वार जुन्या व्रणांत रुतली असली, तर थोड्याच वेळांत प्राणांवर बेततें. त्यांतून नजरेचा अंदाज फसवा. बेळगांवच्या जिल्हा रुग्णालयांत नैसर्गिक प्रसूतींचा जो अभ्यास होऊन २००६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत मापाच्या पिशवींत जमलेल्या रक्तापेक्षां डोळ्यांचा अंदाज सुमारें एक-तृतीयांशानें कमी भरला.

अशा वेळीं शस्त्रवैद्य एकदम गर्भाशय काढीत नाहींत. प्रथम तो चोळणें, तो आवळणारीं ऑक्सिटोसिनसारखीं औषधें व झालेली गुठळी टिकविणारें ट्रॅनेक्झामिक ॲसिड, मग आंत फुगा ठेवून दाब, मग टांका. बी-लिंच या शस्त्रवैद्यांनीं इंग्लंडांत १९८९ सालीं योजलेला व १९९७ सालीं प्रसिद्ध केलेला टांका गाठोडें बांधावें तसा गर्भाशयास वरून आवळून धरतो. त्याबरोबर गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही बांधतां येतात. एवढ्यानें न भागलें तर, किंवा वार खोल रुतली असली तर, गर्भाशय काढणें हाच उपाय उरतो. इटलींत पाव्हिया येथें १८७६ सालीं पोर्रो यांनीं सिझेरियन करून लागलीच गर्भाशय काढला, आणि माता व मूल दोघेंही वांचलीं. त्या काळीं सिझेरियननंतर आई क्वचितच जगे.

तेव्हां ती ओळ म्हणजे धमकी नव्हे. शेवटची वाट मोकळी ठेवणें होय. मात्र सही मुलीची स्वतःची हवी. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं समीरा कोहली खटल्यांत सांगितलें कीं, सज्ञान व स्वतः निर्णय देऊं शकणाऱ्या स्त्रीच्या वतीनें आईनें दिलेली संमति चालत नाहीं. जीव वांचविण्यासाठीं तत्काळ करणें भाग पडेल तेवढाच अपवाद.

म्हणून आजच लेकीजवळ बसा आणि तिच्यासह डॉक्टरांस विचारा : वार जुन्या व्रणावर आहे काय, हें सोनोग्राफींत पाहिलें का? हिमोग्लोबिन किती? तिच्या गटाचें रक्त मध्यरात्रीं किती वेळांत मिळेल? शेवटच्या प्रश्नास समाधानकारक उत्तर न मिळाल्यास प्रसूतीची जागा वेळींच बदला.

पुढें मूल होणार नाहीं, हें दुःख खरें आहे. प्रसंग आलाच तर घरानें त्यास हलकें लेखूं नये. परंतु शस्त्रक्रियागृहाच्या दारांत तें आडवें येतां कामा नये.