विभक्त होणाऱ्या माता-पित्यांना व त्यांच्या आप्तांना जाहीर आवाहन

पती-पत्नी वेगळे होतात तेव्हा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मूल कोणाकडे राहील या प्रश्नासाठी न्यायालयात जो ‘ताबा’ हा शब्द रूढ आहे, तोच घराला आणि शेतजमिनीलाही लागत असल्यामुळे दाव्यातील दोन्ही पक्षांना मूल ही जिंकून घ्यायची मालमत्ता वाटू लागते. कायद्याचा रोख याच्या नेमका उलट असून, हिंदूंच्या अज्ञान मुलांविषयीच्या १९५६ च्या कायद्याचे १३ वे कलम मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते. म्हणून विभक्त होऊ पाहणाऱ्यांनी दाव्याआधी हा कायदा समजून घ्यावा, असे कळकळीचे आवाहन आहे.

ताबा म्हणजे मुलाचा रोजचा सांभाळ, तर पालकत्व म्हणजे त्याच्या शिक्षणाचे, उपचारांचे व मालमत्तेचे निर्णय घेण्याचा अधिकार. एकाकडे ताबा गेल्याने दुसऱ्याचे आईपण वा बापपण संपत नाही. पाच वर्षांखालील मूल ‘सामान्यतः’ आईकडे असावे, असे ६ वे कलम सांगते. त्यातील ‘सामान्यतः’ गाळून वाचणारे जसे चुकतात, तसेच पाचवा वाढदिवस उलटताच मूल आपोआप वडिलांकडे जाते असे समजणारेही चुकतात. मुलाला रातोरात परगावी नेऊनही काही साधत नाही, कारण १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार अर्ज मूल एरवी जेथे राहते तेथील न्यायालयातच करावा लागतो.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मूल भेटत राहण्याची व्यवस्था म्हणजे भेटीचा हक्क, आणि ताब्याचा निकाल लागल्यावरही कुरबुर उरते ती येथेच. ‘महिन्यातून दोनदा भेट’ असे मोघम न लिहिता, गणपतीत मूल कोणत्या घरी, दिवाळीचे कोणते दिवस व मे महिन्याच्या सुट्टीचे कोणते आठवडे कोणाकडे, आणायचे कोणी, पोचवायचे कोणी, प्रगतिपुस्तक व आजारपणाची खबर कशी कळवायची, व्हिडिओ कॉल कोणत्या वेळी, हे सारे कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकांसमोर बसून संमतीच्या अटींत नोंदवावे. परिस्थिती पालटल्यास आदेशही बदलून मागता येतो. जेथे मारहाण वा छळ आहे तेथे मात्र असे सामंजस्य कोणत्याही आईवर लादू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे २१ वे कलम तिला तात्पुरता ताबा मागू देते आणि मुलाला अपायकारक ठरणारी भेट नाकारण्यास दंडाधिकाऱ्यांना सांगते.

आजी-आजोबा, मामा, काका यांना वेगळी विनंती आहे: समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, म्हणूनच तारखेच्या आदल्या रात्री त्याला उत्तरे पढवू नयेत.