बॅटरी धरणारी मुलगी

माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. घरातला फ्यूज उडाला की ते स्टुलावर चढत आणि मी खाली बॅटरी धरून उभी राहत असे. पक्कड मात्र धाकट्या भावाच्या हाती जाई. यात दुजाभाव आहे असे वडिलांना वाटले नाही आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही वाटले नाही. पुढे भाऊ इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला गेला, मी कला शाखेला. दहावीला गणितात गुण माझे जास्त होते.

आईवडिलांचा व्यवसाय मुलींना तंत्रज्ञानाची वाट दाखवतो, असे आपण सहज म्हणतो. अ. ललिता यांचे उदाहरण तसेच आहे. १९३७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव हे मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. तिथे तोवर मुली शिकत नव्हत्या. सुब्बारावांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि लेकीला प्रवेश मिळवला. ललिताबाई देशातल्या पहिल्या महिला अभियंत्यांमध्ये गणल्या गेल्या. त्यांच्या पदवीपत्रावर छापलेले पुरुषवाची सर्वनाम खोडून स्त्रीवाची लिहावे लागले होते!

पण वडील विजेचे जाणकार होते, एवढ्यानेच हे घडले का? विजेचा व्यवसाय आमच्याही घरी होता. सुब्बारावांनी आपली विद्या मुलीचीही मानली, फरक तेवढाच.

आणि आईच्या व्यवसायाचे काय? माझी आई शिवणकाम करी. मशीन अडले की ती स्वतःच ते उघडून साफ करी, तेल घाली, पट्टा बदली. मेकॅनिक कधी बोलवावा लागला नाही. पण तिला तंत्रज्ञ म्हणावे असे कुणाच्याच मनात आले नाही. माझ्याही नाही. वडिलांनी पक्कड दिली नाही याची खंत मी बाळगली, पण आईच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर मला कधी दिसलाच नाही.

गेल्या दिवाळीत भावाच्या घरी आकाशकंदिलाची वायर तुटली. भाऊ स्टुलावर चढला आणि आठवीतल्या लेकीला म्हणाला, "बॅटरी धर गं." मी मेन स्विच बंद केला, भाचीच्या हातातली बॅटरी घेतली आणि भावाला म्हटले, "तू उतर खाली. तिला चढू दे."

आज रविवार. आपल्याही घरात काहीतरी दुरुस्त व्हायचे राहिले असेलच. हत्यारांची पेटी उघडाल, तेव्हा पहिली हाक कुणाला माराल?