टाकी वाढली, उष्णता कोठून येणार?

घरात सून आली, पाठोपाठ नातवंडे आली, की गच्चीवरील सौर बंबाचे १०० लिटर पाणी अपुरे पडू लागते. अशा वेळी विक्रेता २०० लिटरची टाकी सुचवतो आणि पॅनेल मात्र जुनेच चालेल, असे सांगतो. खर्च कमी असल्याने हा सल्ला मनाला पटतो. हिशेबाला पटत नाही.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे, तर ४,००० किलोकॅलरी हव्यात. १०० लिटरमागे सुमारे २ चौरस मीटर सपाट पॅनेल धरण्याचा प्रघात आहे, तो यासाठीच. तेवढीच उष्णता २०० लिटरमध्ये वाटली गेली, तर पाणी जेमतेम ४० अंशांवर थांबते. त्यात विसण घालण्यास वाव उरत नाही; म्हणजे स्नानाच्या बादल्या पूर्वीइतक्याच. शिवाय नळापर्यंत येता येता निवलेले पाणी पहाटे उठणाऱ्या वृद्धांच्या वाट्याला येते. तिजोरी मोठी घेतली, आवक मात्र तीच राहिली.

जुन्या तांब्याच्या बंबात हा प्रश्नच नव्हता. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. तांबट दोन्ही एका मापाने घडवीत असे.

ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल असते. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. २ किलोवॅटची कॉइल १०० लिटरला सुमारे २ तास २० मिनिटे घेते, २०० लिटरला त्याच्या दुप्पट. ३ किलोवॅटची बसवल्यास वेळ वाचतो; परंतु ती १३ अँपिअर वीज ओढते. त्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी आणि निर्दोष अर्थिंग हवे. येथे काटकसर नको.

म्हणून दरपत्रकात टाकीच्या लिटरशेजारी पॅनेलचे क्षेत्रफळ लिहून घ्यावे. २०० लिटर पाण्याचेच वजन २०० किलो भरते, तेव्हा गच्चीचा स्लॅबही दाखवून घ्यावा. घरात प्रेशर पंप असेल, तर साधी टाकी चालत नाही. दाब सोसणारीच घ्यावी लागते.

पॅनेल वाढवण्यास उन्हाची जागाच नसेल, तर माझ्या मते टाकी बदलू नये. वडीलधाऱ्यांच्या न्हाणीघरात १५ लिटरचा गिझर बसवावा. २ किलोवॅटवर तो वीस-एकवीस मिनिटांत तापतो, आणि वीज खर्च होते पाऊण युनिटाहूनही कमी.